स्टेपनी

आडरानांत मोटारीचें चाक बसलें म्हणजे धडधाकट माणूसहि गांगरतो. मग ज्याचे गुडघे वांकत नाहींत त्याची काय कथा!

१८८८ सालीं बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं मुलाच्या तीनचाकीला हवेची धांव बसविली. प्रवास सुखाचा झाला, पण सुखाबरोबर पंक्चरहि आलें. आरंभींच्या मोटारींत जादा चाक नसे. रस्त्यांतच बसून टायर उचकटावा, ट्यूबला ठिगळ लावावें, पंपानें हवा भरावी. वृद्धाच्या वा अपंगाच्या आवांक्यांतलें हें काम नव्हे.

१९०४ सालीं वेल्समधील लानेली येथील डेव्हिस बंधूंनीं तोड काढली. आरे नसलेलें कडें, त्यावर हवा भरलेला टायर. तें पंक्चर झालेल्या चाकालाच बाजूनें जखडावयाचें. बसलेला टायर उतरविण्याचें कारणच उरलें नाहीं. तेथील स्टेपनी रस्त्यावरून त्याला नांव मिळालें.

पुढें संपूर्ण जादा चाक आलें व ती युक्ति मागें पडली. नांव मात्र मराठींत रुजलें. आज कित्येक नव्या मोटारींतून स्टेपनीच गळाली आहे. असली, तरी ती चढविणारा हात लागतोच. म्हणून दुर्बळ प्रवाशानें निघण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या: स्टेपनींत हवा आहे काय, आणि सोबतीला कोण आहे?