एक सही आणि वळलेली मान

१४ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवतेय? दीपा कर्माकर रिओमध्ये व्हॉल्टच्या फायनलला उतरली होती. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. होस्टेलच्या एका खोलीत, एका लॅपटॉपभोवती आम्ही पंधरा-वीस जण. प्रोदुनोव्हा कशाशी खातात हे महिन्याभरापूर्वी कुणाला माहीत नव्हतं, पण त्या रात्री सगळेच एक्स्पर्ट! दीपाचं ब्राँझ अवघ्या ०.१५० गुणांनी हुकलं आणि खोलीत एकदम शांतता पसरली.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३० ऑगस्टला, प्रागमध्ये ७४ वर्षांची वेरा चास्लाव्स्का वारली. आम्हाला पत्ताही नव्हता. मला ती भेटली गेल्या शनिवारी, जुन्या ऑलिम्पिकच्या क्लिप्स बघत बसलो होतो तेव्हा. जिम्नॅस्टिक्स म्हटलं की आपल्याला आठवते नादिया कोमानेची. पण वेराचा रेकॉर्ड बघा. ऑलिम्पिकची ७ सुवर्ण आणि ४ रौप्य. सलग दोन ऑलिम्पिकमध्ये (टोकियो १९६४, मेक्सिको १९६८) ऑल-अराउंड जिंकणाऱ्या बायका इतिहासात दोनच, लारिसा लॅटिनिना आणि ही. टोकियोत तर हिने लॅटिनिनालाच हरवलं होतं.

पण आज लिहायचंय ते पदकांबद्दल नाही. एका सहीबद्दल लिहायचंय.

१९६८ च्या सुरुवातीला चेकोस्लोव्हाकियात अलेक्झांडर दुबचेक सत्तेवर आला. सेन्सॉरशिप सैल झाली, लोक मोकळेपणी बोलायला लागले. हाच तो 'प्राग स्प्रिंग'. जूनमध्ये लुडविक वाकुलिक या लेखकाने 'दोन हजार शब्द' नावाचा जाहीरनामा लिहिला. सुधारणा थांबू देऊ नका, असा त्याचा सूर. त्यावर ज्या नामवंतांनी सह्या केल्या, त्यांत वेरा होती. धावपटू एमिल झाटोपेकही होता.

२० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत रणगाडे देशात घुसले. ऑलिम्पिकला दोन महिनेसुद्धा उरले नव्हते. सही केलेल्यांना अटक होईल अशी भीती होती, म्हणून वेरा मोराव्हियाच्या डोंगराळ भागात लपली. आता जिम कुठून आणणार? झाडाच्या फांदीला लटकून बारचा सराव. आडवं पडलेलं खोड म्हणजे बीम. गवताळ माळ म्हणजे फ्लोअर. ताकदीसाठी बटाट्याची पोती उचलायची आणि हाताचे घट्टे टिकावेत म्हणून फावड्याने कोळसा ओढायचा. शाळेत सिंगल बारला लटकून ज्यांचे तळहात सोलले आहेत, त्यांना त्या घट्ट्यांचं मोल कळेल.

शेवटी तिला मेक्सिकोला जायची परवानगी मिळाली. तिथे तिने ४ सुवर्ण आणि २ रौप्य घेतली. फ्लोअरला संगीत लावलं मेक्सिकोच्याच लोकनृत्याचं, मग काय, प्रेक्षक वेडे झाले! बीमवर मात्र सुवर्ण गेलं सोव्हिएत नताल्या कुचिन्स्कायाला. आणि फ्लोअरवर दुसऱ्या सोव्हिएत मुलीचे, लारिसा पेट्रिकचे, प्राथमिक फेरीतले गुण मागाहून वाढवण्यात आले, त्यामुळे दोघींना सुवर्ण विभागून दिलं.

पदक देताना सोव्हिएत राष्ट्रगीत सुरू झालं. वेराने मान खाली घातली आणि दुसरीकडे वळवली. दोन्ही समारंभांत. बस, एवढंच.

त्याच ऑलिम्पिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी उंचावलेली काळ्या हातमोज्यातली मूठ जगाला पाठ आहे. ही मान फारशी कुणाला ठाऊक नाही. पण तिच्या सरकारने ती बरोबर बघितली होती.

घरी परतल्यावर तिची कारकीर्द तिथेच संपवली गेली. वय किती, तर २६! वर्षानुवर्षं परदेशप्रवास बंद, कोच म्हणून काम मिळेना. मागणी एकच होती, ती सही मागे घे. तिने घेतली नाही. झाटोपेकलाही सैन्यातून काढलं, घरापासून लांब अंगमेहनतीची कामं करायला लावली आणि काही वर्षांनी त्याने माघार घेतली. त्याला नावं ठेवणारा मी कोण? पण त्याच्याकडे बघितलं की वेराचा 'नाही' किती महाग होता ते कळतं.

१९८९ मध्ये ती राजवट कोसळली. वेरा राष्ट्राध्यक्ष हावेल यांची सल्लागार झाली, देशाच्या ऑलिम्पिक समितीची अध्यक्षही झाली. गोष्ट इथे संपली असती तर सिनेमासारखी वाटली असती. पण १९९३ मध्ये तिच्या माजी पतीचा मृत्यू झाला, त्या प्रकरणात मुलाला शिक्षा झाली, आणि ती अनेक वर्षं नैराश्यात गेली. चांगलं वागल्याचा हिशोब आयुष्य असा चुकता करत नाही, हेच खरं.

आता माझं. मागे एका प्रोजेक्टमध्ये (नाव नको) रिलीजच्या आदल्या रात्री एक टेस्ट रिपोर्ट माझ्यासमोर आला. त्यातल्या निम्म्या टेस्ट रन झालेल्याच नव्हत्या. "करून टाक रे साइन-ऑफ, नंतर बघू." मी केलं. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? फार तर अप्रेझलमध्ये एक रेटिंग कमी. अटक नाही, कोळसा नाही, काही नाही. तरी दोन मिनिटांत सही करून मी जेवायला गेलो.

वेराशी स्वतःची तुलना करण्याइतका मी येडा नाही. पण त्या क्लिपमध्ये राष्ट्रगीत वाजतं, मान हळूच वळते, आणि दर वेळी मला तो रिपोर्ट आठवतो. शनिवारपासून चार वेळा बघितली.

असो. येत्या गुरुवारी पुढचं रिलीज आहे. रिपोर्ट याही वेळी माझ्याकडेच येणार आहे.