१०५ म्हणजे नेमके किती?

परवा एका मित्राकडे ग्लेनफार्क्लास १०५ चाखली. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली सिंगल माल्ट. कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पाणी घालून नेहमीच्या ४०-४३ टक्क्यांवर न आणलेली. पहिल्या वासाला नाक नुसतं चुरचुरलं. पाण्याचे चार थेंब टाकून थांबलो, तेव्हा कुठे मनुका, सुकं अंजीर आणि मागून लवंग आली. चव छानच, पण माझं डोकं त्या १०५ वर अडकलं. टक्के तर १०५ असूच शकत नाहीत!

हे जुनं ब्रिटिश 'प्रूफ'. कर दारूच्या ताकदीवर लागायचा, त्यामुळे ताकद मोजणं ही तिजोरीची गरज होती. बंदुकीची दारू प्यायच्या दारूत भिजवून पेटवून बघायचे, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. (मराठीत दोन्ही दारूच, त्यामुळे सांगताना तारांबळ उडते.) पण खरं काम केलं हायड्रोमीटरनं. १८१६ च्या कायद्यानं साइक्सचं उपकरण अधिकृत झालं. ५१ अंश फॅरेनहाइटला जिचं वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या १२/१३ भरेल, ती १०० प्रूफ. आजच्या भाषेत सुमारे ५७.१ टक्के. म्हणून १०५ म्हणजे ६० टक्के. (प्रत्येक पिंपाची ताकद वेगळी, मग दर बाटलीत बरोब्बर ६० कसे, हेही विचारायला हवं.)

अमेरिकेत मात्र प्रूफ म्हणजे टक्क्यांची सरळ दुप्पट. तिथे १०५ म्हणजे ५२.५. पहिल्या वर्षी मी ब्रिटिश आणि अमेरिकन नोंदी एकाच रकान्यात भरल्या होत्या. आलेखात मस्त फरक दिसला, मी खूश! गाइडनी एकच विचारलं, "एकक कोणतं?" दीड महिन्याचं काम पुन्हा केलं.

आकडा निदान गुणून दुरुस्त होतो. 'शेरी पिंप' या शब्दाचं काय करणार? पूर्वी शेरी हेरेसहून ब्रिटनला पिंपातूनच यायची. रिकामी पिंपं परत पाठवणं महाग, म्हणून व्हिस्कीवाले ती विकत घ्यायचे. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि हा ओघ आटला. आता बहुतेक पिंपं व्हिस्कीसाठीच बनवतात आणि त्यांत काही काळ शेरी भरून ठेवतात. शब्द तोच, वस्तू वेगळी. "जुनी शेरीवाली व्हिस्की भारी होती," असं माझा मित्र म्हणतो, तेव्हा तो मुरण्याची तुलना करतोय की पिंपांची, हे त्यालाही सांगता येत नाही.

माझ्या तक्त्यात आता 'पिंप' शेजारी 'कोणत्या काळातलं' असा रकाना आहे. त्यातल्या निम्म्याहून जास्त चौकटी अजून रिकाम्या आहेत.