रेंज कुठे संपते? स्प्रेडशीटमधल्या एका चौकोनाची गोष्ट

आजचा भाग मोबाईलवर ऐकताय ना? मग ऐकता ऐकता एखादी शीट उघडा. एका सेलवर बोट टेकवा, कोपऱ्यातला निळा ठिपका खाली ओढा. झाली निवड, दोन सेकंदांचं काम. हे दोन सेकंद आले कुठून आणि ते किती महागात पडू शकतात, हीच आजची गोष्ट.

आधी माझी फजिती सांगतो. बीटेकला असताना चाकणजवळच्या एका कारखान्यात मी इंटर्नशिप करत होतो. कंत्राटी कामगारांच्या हजेरीची शीट माझ्याकडे होती. एकूण तास काढायचे, त्यावरून रक्कम काढायची आणि अकाउंट्सला कळवायची. बेरीज मी अगदी वरच्या ओळीत ठेवली होती. महिन्याच्या मध्यात तीन जण नवीन लागले, त्यांची नावं मी तळाला जोडली. फॉर्म्युला मात्र जुन्या शेवटच्या ओळीवरच थांबलेला. रक्कम कमी मागितली गेली आणि पगाराच्या दिवशी त्या तिघांचे पैसे अडकले, चांगले आठवडाभर. त्यातले एक काका माझ्याकडे आले. वयाने माझ्या वडिलांएवढे. म्हणाले, "साहेब, नाव तर यादीत दिसतंय. मग पैसे का नाहीत?"

नाव यादीत होतं, पण रेंजमध्ये नव्हतं. हे त्यांना कसं सांगणार?

आता जाऊया 1978 मध्ये. ठिकाण अमेरिकेतलं हार्वर्ड बिझनेस स्कूल. डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसलाय, फळ्यावर आकड्यांचे रकाने आहेत. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. ब्रिकलिनच्या डोक्यात आलं, हा फळा स्वतःच स्वतःला दुरुस्त करू शकला तर? त्याने कल्पना केली ती एका कॅल्क्युलेटरची. तो माऊससारखा सरकवायचा, समोर हवेत आकडे दिसतायत, आणि हवा त्या आकड्यावर जाऊन तो बदलायचा. म्हणजे बघा, बेरीज करणारी यंत्रं तेव्हाही होती. याला हवं होतं आकड्याकडे बोट दाखवता येणं.

पण हातात होता ॲपल टू कॉम्प्युटर, त्याला माऊस नव्हता. ब्रिकलिनने आधी व्हिडिओ गेमचं फिरवायचं बटण, म्हणजे गेम पॅडल, वापरून पाहिलं. कर्सर नीट एका जागी थांबेना. मग कीबोर्डवरचे बाण वापरायचं ठरलं. तिथे दुसरीच गंमत. ॲपल टूवर बाण दोनच होते, डावा आणि उजवा! वर-खाली जायचं कसं? उपाय असा निघाला की स्पेसबार दाबला की तेच दोन बाण उभे चालायचे, परत दाबला की आडवे.

बोट दाखवायची सोय अशी अपुरी, म्हणून प्रत्येक चौकोनाला पत्ता हवाच होता. उभ्या रकान्यांना अक्षरं, आडव्या ओळींना आकडे. ए वन, बी टू हे पत्ते आपण आजही तसेच वापरतो.

ब्रिकलिनचा मित्र बॉब फ्रँकस्टन याने त्याचा खरा प्रोग्रॅम लिहिला, तोही बहुतेक रात्री. कारण एमआयटीचा जो मोठा कॉम्प्युटर ते भाड्याने वापरायचे, त्याचा दर रात्री स्वस्त असायचा. 1979 मध्ये तो बाजारात आला. नाव व्हिजिकॅल्क. 63 रकाने आणि 254 ओळी, बस्स. फॉर्म्युला लिहिता लिहिता बाणांनी एखाद्या सेलवर गेलं की त्याचा पत्ता आपोआप फॉर्म्युल्यात यायचा. रेंज लिहायची तर पहिला पत्ता, मग टिंबं, मग शेवटचा पत्ता.

1983 मध्ये आयबीएम पीसीवर लोटस वन-टू-थ्री आलं आणि बाजार त्याने काबीज केला. सेलमधला मजकूर सुधारायला एफ टू ही की त्यात होती. 1985 मध्ये मॅकिन्टॉशवर एक्सेल आलं, 1987 मध्ये विंडोजवर. माऊसने ओढून सेल निवडणं आता सगळ्यांच्या हाताशी आलं. एफ टू मात्र तसंच राहिलं. तुमच्या ऑफिसात आज कोणी एफ टू दाबतं ना, तो लोटसचा वारसा आहे.

सगळं सोपं झालं. मग बिघडलं कुठे? फळ्यावर चूक झाली तर ती सगळ्या वर्गाला दिसायची. सेलमध्ये दिसतं फक्त उत्तर. ते कुठल्या ओळींवरून आलं, हे आत दडलेलं असतं.

2010 मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी एक पेपर लिहिला. देशाचं कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांच्या वर गेलं की सरासरी वाढ उणे 0.1 टक्का होते, असा त्यातला आकडा. सरकारी खर्चाला कात्री लावा म्हणणाऱ्या नेत्यांनी तो उचलून धरला. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातल्या असाइनमेंटसाठी तेच गणित पुन्हा करत होता. जुळेचना. त्याने लेखकांकडून मूळ शीट मागवली. सरासरीची रेंज 30 ते 44 ओळींची होती, हवी होती 49 पर्यंत. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क बाहेरच राहिले होते.

इथे नीट सांगायला हवं. हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी काढलेला आकडा अधिक 2.2 टक्के होता, पण एवढा फरक काही एकट्या रेंजमुळे पडला नव्हता. कुठली वर्षं धरली आणि सरासरी कशी काढली, याचा वाटा जास्त होता. लेखकांनी रेंजची चूक मान्य केली, मुख्य निष्कर्ष मात्र सोडला नाही. तरी मला अडकवतं ते हेच, की शीटने कुठेही लाल खूण दाखवली नाही. गाळलेल्या ओळी तक्रार करत नाहीत.

माझ्या शीटमधल्या काकांनी केली, म्हणून मला कळलं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. बेरीज बघायच्या आधी मी मोजणी बघतो. यादीत माणसं किती आणि फॉर्म्युल्यात ओळी किती? दोन आकडे जुळले तरच पुढे. नवीन ओळ घालायची तर तळाला न जोडता मधे घालतो, म्हणजे रेंज आपोआप वाढते. आणि शीट पाठवायच्या आधी उत्तराच्या सेलवर जाऊन एफ टू दाबतो. एक्सेलमध्ये त्या फॉर्म्युल्याची रेंज रंगीत चौकटीत दिसते. चौकट कुठे संपते ते बघायला दोनच सेकंद लागतात.

सोसायटीचा मेंटेनन्स असो, गणपतीची वर्गणी असो की ट्रिपचा हिशोब, तुमच्या शीटची शेवटची ओळ एकदा तपासा. तिथेही कुणाचं तरी नाव असतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!