न चुकणारी वाट

दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर फक्कीने चक्रव्यूह काढला. बाहेरून शिरायचे, मध्यापर्यंत चालत जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, एवढाच खेळ. चार-पाच फेऱ्या झाल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, इथे वाट चुकतच नाही. मग अभिमन्यू अडकला कसा?"

प्रश्न रास्त होता. भुलभुलैयात फाटे असतात, बंद गल्ल्या असतात. या आकृतीत एकही फाटा नाही. वाट कितीही वळली तरी ती एकच आहे आणि चालत राहिले की मध्य येतोच. महाभारतातला चक्रव्यूह ही सैन्याची रचना होती. बाहेर पडण्याची विद्या अभिमन्यूला ठाऊक नव्हती हे खरेच, पण तो एकटा पडला तो जयद्रथाने मागून येणाऱ्या पांडवांना रोखले म्हणून. पुढे बाराव्या शतकात हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर हा प्रसंग कोरताना शिल्पकारांनी ही एकवाटी आकृती वापरली, आणि दोन्हींची सांगड आपल्या मनात पक्की बसली.

आकृती मात्र त्याहून खूप जुनी. ग्रीसमधल्या पायलॉस येथे इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास राजवाडा जळला. त्या आगीत भाजून टिकलेल्या हिशेबाच्या एका मातीच्या पाटीमागे कोणा कारकुनाने सात फेऱ्यांचा चक्रव्यूह रेखाटलेला आहे. (कंटाळलेले कारकून तेव्हाही होते!) गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथे १९९३ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आलेल्या कातळचित्रांतही असाच एक चक्रव्यूह आहे, त्याच्या काळाबद्दल मात्र एकमत नाही.

इतक्या दूरदूरच्या ठिकाणी ही आकृती दिसते, याचे एक कारण ती काढण्याच्या रीतीत असावे. वर्गात करून पाहा. एक अधिकचिन्ह काढा. त्याच्या चारही कोनांत एकेक काटकोन आणि त्याबाहेर एकेक टिंब द्या. रेघांची टोके आणि टिंबे मिळून सोळा बिंदू होतात. अधिकचिन्हाचे वरचे टोक त्याच्या उजवीकडच्या बिंदूला कमानीने जोडा. मग डावीकडचा पुढचा बिंदू उजवीकडच्या पुढच्या बिंदूला, असे करत आठ कमानी काढा. सात फेऱ्या तयार! मापे नकोत, फक्त क्रम लक्षात हवा. रांगोळीसारखी ही रीत हातातून हातात जाऊ शकते. वाटेचा क्रमही मजेदार आहे. बाहेरून मोजले तर ती ३, २, १, ४, ७, ६, ५ अशी जाते. म्हणजे सातव्या फेरीत मध्य अगदी शेजारी येतो आणि पुन्हा दूर जातो.

युरोपात मध्ययुगीन चर्चच्या फरशीत अकरा फेऱ्यांचे चक्रव्यूह बसवले गेले. फ्रान्समधल्या शार्त्र येथील तेराव्या शतकाच्या आरंभीचा चक्रव्यूह सुमारे १३ मीटर रुंद आहे आणि त्याची वाट सुमारे २६० मीटर आहे. ज्यांना जेरुसलेमला जाणे शक्य नव्हते ते भाविक ही वाट चालून यात्रेचे पुण्य मिळवत, असे सर्रास छापले जाते. त्याला मध्ययुगातला एकही समकालीन पुरावा मिळत नाही. पुरावा आहे तो भलत्याच गोष्टीचा. ओसेर येथील चर्चमध्ये ईस्टरला पाद्री चक्रव्यूहावर फेर धरून नाचत आणि चेंडू झेलत! १३९६ पासून त्याच्या नोंदी सापडतात आणि १५३८ मध्ये ही प्रथा बंद झाली.

गावाने मिळून राखलेले चक्रव्यूह पाहायचे तर इंग्लंडमध्ये जावे. तिथे ते गवत कापून जमिनीत काढत. सॅफ्रन वॉल्डन गावच्या चक्रव्यूहाला सतरा फेऱ्या आहेत, वाट सुमारे दीड किलोमीटर, आणि १६९९ मध्ये तो पुन्हा कोरल्याची नोंद आहे. पुन्हा कोरणे भागच असते, कारण दुर्लक्ष झाले की गवत काही वर्षांत वाट गिळते. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' नाटकातही चालणारे न राहिल्याने बुजलेल्या अशा वाटांचा उल्लेख आहे.

चालत ध्यान करण्यासाठी चक्रव्यूह, ही आज जगभर पसरलेली कल्पना यामानाने अगदी ताजी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये लॉरेन आर्ट्रेस यांनी १९९१ मध्ये शार्त्रची आकृती कापडावर उतरवून लोकांना चालायला दिली. त्यानंतर चर्चची आवारे, रुग्णालये, सार्वजनिक बागा यांत असे चक्रव्यूह होत गेले. 'प्राचीन ध्यानमार्ग' ही पाटी त्यांच्यावर लावली जाते ती मला पटत नाही. आपल्याकडे चालण्याच्या ध्यानाची खरोखर जुनी परंपरा आहे ती बौद्धांच्या चंक्रमणाची, आणि ती वाट सरळ असते. बोधगयेला महाबोधी मंदिराच्या उत्तरेस तिचे स्मारक आहे. चक्रव्यूहातून निघणाऱ्या 'ऊर्जे'बद्दल तर न बोललेलेच बरे. पण फाटे नसले की निर्णय घ्यावे लागत नाहीत आणि वळणे जवळजवळ असली की पाय आपोआप मंदावतात, एवढे कोणालाही चालून तपासता येते.

जागाही फार लागत नाही. दोन फुटांची वाट धरली तर सात फेऱ्यांची आकृती सुमारे ३० फूट रुंद होते आणि तेवढ्यात अडीचशे फुटांहून जास्त चालणे होते.

आमची फक्की पहिल्याच पावसात धुऊन गेली. श्रावणात मैदानावर गवत माजले, पण रोजच्या चालण्याने जिथे जमीन घट्ट झाली होती तिथे ते विरळच उगवले. त्या खुणांवरून मुलांनी दगड मांडले. चौथ्या फेरीत एक दगड चुकला आणि वाटेला फाटा फुटला. तो शोधायला त्यांना अख्खी मधली सुट्टी लागली.