कसब, फासा आणि सूत्रधार

फासे म्हटले की आपल्याला शकुनी आठवतो. फाशांनी राज्य घालवावं, माणसाला वनवासाला धाडावं, ही त्यांची आपल्याकडची जुनी ओळख. गेल्या पन्नास वर्षांत मात्र पाश्चात्त्य देशांतल्या एका खेळाने फाशांना निराळंच काम दिलं. काल्पनिक माणसाच्या अंगी असलेलं कसब ऐन वेळी उपयोगी पडलं की नाही, हे ठरवण्याचं काम. त्या कामाचा इतिहास मला आज सांगायचा आहे.

आधी खेळाविषयी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार. एक जण सूत्रधार असतो. तो म्हणतो, ‘‘समोर दार आहे, त्याला कुलूप आहे. आता काय कराल?’’ खेळाडू उत्तर देतात आणि बोलण्यातूनच गोष्ट पुढे सरकते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा पहिला छापील खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून तो प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती.

या खेळाचं मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये ‘क्रीगस्पील’ हा खेळ मांडला. नकाशा, फासे, आकड्यांचे तक्ते आणि निकाल देणारा पंच अशी त्याची रचना होती. पुढे १८७६ मध्ये व्हर्दी द्यु व्हेर्नुआ या प्रशियाच्याच सेनानीने उलट बाजू घेतली. तक्ते आणि फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला निर्णय करू द्या, असं त्याचं म्हणणं. निकाल नियमाने लावायचा की जाणत्याच्या शहाणपणाने, हा तो वाद. मला वाटतं, पुढचा सगळा इतिहास याच वादाचा आहे.

१९७४ च्या नियमांत कसबाविषयी फारच थोडं होतं. अडकलेलं दार ढकलायचं तर सहा बाजूंचा फासा टाकायचा; एक किंवा दोन पडले तर दार उघडलं. दाराला कान लावून ऐकायचं तर माणसाला एकच पडायला हवा, तीक्ष्ण कानांच्या एल्फला दोनही चालत. बाकी लपणं, चढणं, फसवणं हे सगळं खेळाडूने वर्णन करायचं आणि सूत्रधाराने ठरवायचं.

१९७५ मध्ये ‘ग्रेहॉक’ ही पुरवणी आली आणि तिच्यात ‘चोर’ हे नवं पात्र अवतरलं. त्याच्या कसबांना टक्केवारी दिलेली होती. नवशिक्या चोराला कुलूप उघडता येण्याची शक्यता शंभरात १५! एवढ्याशा तक्त्याने मोठा प्रश्न उभा केला. कालपर्यंत दबक्या पावलांनी कुणीही जाऊ शकत होतं. आता चोराच्या नावापुढे आकडा होता आणि योद्ध्याच्या पुढे नव्हता. मग योद्ध्याला ते येतच नाही, असा अर्थ अनेक ठिकाणी घेतला जाऊ लागला. चोराला हक्क मिळाला आणि इतरांभोवती नकळत कुंपण पडलं.

यावर एक उत्तर १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाने दिलं. त्यात सर्वांनाच सगळ्या कसबांचे टक्के मिळाले, कमी-अधिक इतकंच. शिवाय जे कसब वापरून यश मिळालं, तेच पुढे वाढण्याची संधी मिळे; आणि माणूस जितका तयार, तितकी ती संधी कमी. कुठल्याही कारागिराला हे पटेल.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती २००० साली आली, तेव्हा सगळे तक्ते जाऊन एकच रीत उरली. वीस बाजूंचा फासा टाका, त्यात कसबाचा आकडा मिळवा आणि बेरीज कामाच्या अवघडपणाइतकी किंवा जास्त भरते का ते पाहा. अवघडपणा १५ आणि कसब ५ असेल, तर फाशावर १० किंवा जास्त हवेत. म्हणजे वीसपैकी अकरा वेळा यश. याच आवृत्तीतला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. घाई नसेल आणि चुकल्याने काही बिघडणार नसेल, तर फासा न टाकता २० पडले असं धरावं. मात्र वीसपट वेळ गेला असं मानावं. फासा कधी टाकू नये, हेही नियमानेच सांगितलं.

पुढे २०१० मध्ये व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ने आणखी एक दार उघडलं. दोन फाशांची बेरीज दहा किंवा वर गेली तर पूर्ण यश; सात ते नऊ असेल तर यश मिळतं, पण काही किंमत मोजून. कुलूप उघडतं, पण पहारेकरी जागा होतो.

दोनशे वर्षांपूर्वीचा वाद काही मिटलेला नाही. पण या खेळांनी एक चांगली सवय लावली. अवघडपणाचा आकडा फासा टाकण्यापूर्वी ठरवायचा, मागाहून नाही. आपल्याकडे परीक्षा, मुलाखती, नेमणुका घेणाऱ्यांनीही एवढं एक पथ्य पाळलं, तर हरणाऱ्याला निदान आपण कशात कमी पडलो, ते कळेल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)