पारितोषिकाच्या आधी

तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर–अमरावती हमरस्त्यावरचे गाव. येथल्या माझ्या एका विद्यार्थ्याने परवा विचारले, "सर, आपल्याला सिनेमा काढता येईल का?" माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. पण हा प्रश्न मला त्याच्या वयात पडलाच नव्हता.

१९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, १९६० साली पुण्यात सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. तरी गावकुसाबाहेरचा माणूस पडद्यावर दिसला तो बहुधा दुसऱ्याच्या नजरेतून. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या वडार कुटुंबातले नागराज मंजुळे तेव्हाच्या अहमदनगरला संज्ञापन शिकत होते. अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी शाळेची ओढ लागलेल्या एका पोराची कथा सांगणारा 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो पदार्पणाचा सर्वोत्तम लघुपट ठरला. पुढे २०१३ च्या 'फँड्री'ला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे सर्वोत्कृष्ट बालकलाकार ठरला. त्याचा अखेरचा धोंडा थेट प्रेक्षकावर येतो.

येथे क्रम ध्यानात घेतला पाहिजे. आधी वर्ग मिळाला, मग कॅमेरा, पारितोषिक शेवटी. पारितोषिक पुऱ्या झालेल्या चित्रपटाला मिळते. फीअभावी वर्गाबाहेर राहिलेल्या पोराची नोंद कोणतीही परीक्षक समिती घेत नाही. म्हणून आपली मागणी ग्रामीण महाविद्यालयांत कॅमेऱ्याची आणि फीमाफीची असली पाहिजे.

त्या विद्यार्थ्याला मी म्हणालो, "काढता येईल. पण कॅमेऱ्यासाठी आधी भांडावे लागेल."