हेराची जपमाळ

इतिहास, हेरगिरी आणि मंत्रतंत्र यांची सरमिसळ असलेले भूमिकांचे खेळ टेबलाभोवती बसून खेळायची रीत पाश्चात्त्य देशांत गेल्या पन्नास वर्षांत रुजली. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, १९८१ साली ‘कॉल ऑफ कथुलू’ आला, आणि गुप्त पंथ, जुनी हस्तलिखिते, सरकारी हेर असा मसाला ठरूनच गेला. चार-पाच खेळाडू, प्रत्येकाचे एक पात्र, काही फासे आणि गोष्ट पुढे नेणारा गेम मास्टर, एवढ्यावर हा खेळ चालतो. आपल्या शहरांतही तो आता खेळला जातो, पण गोष्ट बहुधा लंडन, प्राग नाहीतर बर्लिनमध्ये घडते. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी (मेघे) गावात असा डाव मांडायचा झाला तर एवढ्या लांब जायचे काहीच कारण नाही. या गावापासून दोन-तीन तासांच्या वाटेत अव्वल ऐवज पडला आहे. मात्र तो नीट पाहिला तर खेळाचा एक नियम बदलावा लागतो. इथल्या हेरगिरीत गूढ भरपूर होते, पण ते कामाला आले ते वेष म्हणून, अफवा म्हणून आणि सरकारी कागदावरचा संशय म्हणून. मंत्राने कुणी अदृश्य झाल्याची नोंद नाही. मंत्राच्या बातमीने माणसे हलल्याच्या नोंदी मात्र ढीगभर आहेत. खेळ चालवणाऱ्याने गूढाला जागा द्यावी ती एवढीच.

सुरुवात विदर्भाबाहेरून, पुरंदरापासून करू. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग दख्खनेत उतरले तेव्हा त्यांनी कोटिचंडीचे अनुष्ठान बसवले, चारशे ब्राह्मण जपाला घातले, बगलामुखीची आराधना केली आणि त्यासाठी दोन कोटी रुपये बाजूला काढले, असे शिवाजी महाराजांचा बखरकार सभासद सांगतो. बखरकाराचे आकडे मोजून घ्यावेत, हे खरे. पण याच छावणीत निकोलाव मनुची हा तरुण व्हेनिसकर होता. मिर्झाराजांनी त्याला रामनगर, पेठ अशा लहान राजांकडे पाठवले, ते शिवाजी महाराजांना मिळू नयेत म्हणून. पुढे हाच मनुची लाहोरला वैद्यकी करू लागला आणि भुते उतरवणारा म्हणूनही आपले नाव झाले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे एकाच छावणीत तोफा, जप आणि भेदनीती. पुरंदराला लागून असलेला वज्रगड पडला तो तोफांनी, जपाने नव्हे. तरीही सभासदाने जिंजीला बसून १६९७ च्या सुमारास बखर लिहिली तेव्हा, तीस वर्षांनंतरही, ते अनुष्ठान मराठ्यांच्या आठवणीत ठळक होते. अनुष्ठानाने जे साधायचे ते साधले होते, कारण त्याची वार्ता शत्रूच्या गोटात पोचली आणि तिथे टिकली. उलट बाजूनेही तेच घडत होते. लाल महालातल्या छाप्यानंतर आणि सुरतेच्या लुटीनंतर इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रांत लिहिले गेले की अफवेने शिवाजीला हवेचे शरीर आणि पंख दिले आहेत, नाहीतर एकाच वेळी इतक्या ठिकाणी तो असणार कसा. पंखांची किंमत शून्य, पण त्या भीतीने दारांना अडसर पडत होते. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांच्या सोंगांचे किस्से बहुतेक नंतरच्या काळातले आहेत. सभासद त्यांना जासूद म्हणतो आणि वाट दाखवण्याचे श्रेय देतो, सोंगांचा पसारा मांडत नाही. खेळात सोंगे घ्यावीत, फक्त ती बखरीच्या नावावर खपवू नयेत.

आता वर्धा जिल्ह्यात येऊ. वर्धा शहर १८६६ साली पालकवाडी या गावाच्या जागी वसवले गेले. त्याआधीच्या काळातला डाव मांडायचा तर शहर नकाशावरून पुसावे लागते. उरतात ती गावे, पवनार, देवळी, हिंगणघाट आणि पश्चिमेला वर्धा नदी. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर ही नदी म्हणजे सरहद्द झाली. अलीकडे नागपूरकर भोसल्यांचे राज्य, पलीकडे निजामाचा वऱ्हाड. हेराला याहून सोयीची जागा कुठली? हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी कर्नल विल्यम लॅम्टन वारला. १८०२ साली मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घालणारा हा माणूस हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता. कोन मोजायचे त्याचे थिओडोलाइट अर्ध्या टनाचे. मोजणीवाल्यांच्या दुर्बिणीतून जनानखान्यातल्या बायका दिसतात, त्याही उलट्या, अशी समजूत सर्व्हेच्या माणसांना ठिकठिकाणी भेटे. ती हसण्यावारी नेऊ नये. दुर्बिणीत प्रतिमा खरोखर उलटीच दिसते, आणि टेकडीवरून किल्ला न्याहाळणारा परका माणूस कशासाठी आला आहे याचा गावकऱ्यांचा अंदाज मूळ मुद्द्यात चुकत नव्हता. मोजणी आणि पाळत यांत अंतर थोडेच होते.

त्याच सर्व्हेने पुढे साधूच्या वेषाचे रूपांतर थेट उपकरणात केले. १८६३ पासून डेहराडूनला कॅप्टन मॉन्टगोमेरी याने कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातले नैन सिंग आणि मणि सिंग या दोघांना शिकवून तयार केले. तिबेटात गोऱ्या माणसाला बंदी होती, यात्रेकरूला नव्हती. म्हणून त्यांना जपमाळ दिली, पण १०८ मण्यांची नव्हे, १०० मण्यांची. आठ मणी कमी आहेत हे कोण मोजणार? शंभर पावलांना एक मणी, म्हणजे पूर्ण माळेला दहा हजार पावले. ३३ इंचांचे ठरीव पाऊल धरले तर ते सुमारे पाच मैल, आठ किलोमीटर भरतात. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या कागदाऐवजी टिपणे, कवड्यांत पारा. चौकीवरचा शिपाई चक्र उघडून बघत नसे, कारण ते पवित्र. नैन सिंग जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचला. इथे श्रद्धा खोटी नव्हती आणि हेरगिरीही खोटी नव्हती. समोरच्याची श्रद्धा हेच कुलूप आणि तीच किल्ली होती. ‘गुप्त विद्या’ असे पात्राच्या पत्रकावर लिहायचे तर त्याखाली ही माळ यावी.

वेष फक्त सरकारच्याच कामी आला असे नाही. नागपूरचे अप्पासाहेब भोसले नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीला हरले, १५ मार्च १८१८ रोजी कैद झाले आणि अलाहाबादकडे नेले जात असता मे महिन्यात शिपायाच्या वेषात निसटले. महादेवाच्या डोंगरांत गोंडांनी त्यांना आसरा दिला. पुढे त्यांनी गाठलेला अशीरगड एप्रिल १८१९ मध्ये पडला, पण अप्पासाहेब इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. फकिराच्या वेषात ते बऱ्हाणपूर, पुढे लाहोर, मंडी असे हिंडत शेवटी जोधपूरला पोचले. तिथले महाराज मानसिंग नाथपंथाचे कट्टर भक्त. त्यांनी अप्पासाहेबांना नाथांच्या महामंदिरात ठेवले आणि ईस्ट इंडिया कंपनीने मागितले तरी स्वाधीन केले नाही. कंपनीच्या फौजेला जे गड अडवू शकले नाहीत ते एका मठाच्या उंबरठ्याने अडवले. १८४० साली अप्पासाहेब वारले. पण गोष्ट तिथे संपत नाही. १८४९ साली वऱ्हाडात एक जण ‘मीच अप्पासाहेब’ म्हणून उभा राहिला, लोक गोळा झाले, आणि त्याला मोडायला हैदराबाद कंटिंजंट ही फौज पाठवावी लागली. मेलेला राजा परत येतो हा कुठल्याही गूढ खेळातला हुकमी प्रसंग. इथे तो वर्धा नदीच्या पलीकडे खरोखर घडला, आणि त्यासाठी भूत लागले नाही. लोकांना राजा परत हवा होता, तेवढे पुरले.

गूढ म्हणजे फक्त वेष आणि अफवा, या म्हणण्याला एक वजनदार आक्षेप आहे. ठगांचे काय? भवानीचे भक्त, शकुन पाहून गळा आवळणारे, गुप्त भाषा बोलणारे. हा तर खराखुरा गुप्त पंथ. नागपूर-जबलपूर रस्ता त्यांच्या वावराचा. आक्षेप खोटा नाही, पण ही माहिती आली कुठून ते पाहावे. कंपनीचा अधिकारी स्लीमन याने ती माफीच्या साक्षीदारांकडून काढली, त्यांच्या सांकेतिक भाषेचा कोश १८३६ साली छापला, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा ठरला. ज्याला फाशी टाळायची आहे तो साहेबाला हवे ते सांगणार. इतिहासकार हिरालाल गुप्तांनी १९५९ साली या चित्रावर शंका घेतली, किम वॅगनरने २००७ साली ती पुढे नेली. वाटमारी आणि खून होत होते, हे दोघांनाही मान्य. देशभर पसरलेला एकच भवानीपंथ मात्र कागदावर जास्त ठसठशीत झाला. माझ्या मते हाच या विषयातला सर्वांत मोठा पुरावा आहे. कारण ज्या ठगी-डकैती खात्याने हा पंथ कागदावर उभा केला, तेच १९०४ साली बदलून मध्यवर्ती गुन्हे गुप्तवार्ता खाते झाले, आणि आजच्या इंटेलिजन्स ब्युरोची वंशावळ तिथे जाते. पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेचा जन्मच एका गूढ पंथाच्या कथेतून झाला.

दुसरा आक्षेप खेळाडूंचा. मंत्र चालतच नसेल तर मजा काय? मजा संशयात आहे. शत्रूचे अनुष्ठान चालू असताना आपल्याकडे चार माणसे तापाने पडली तर टेबलावरचा प्रत्येक जण कारण शोधणार. गेम मास्टरने ते कारण कधीच सांगू नये, फाशांनीही नाही. ज्याचा अहवाल वरच्याला पटतो त्याची बाजू जिंकते, एवढा एक नियम पुरे. अशा खेळाने अंधश्रद्धा वाढते म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर: चमत्कार सिद्ध करणारा डाव ती वाढवतो, चमत्काराची बातमी कोण कशासाठी पसरवतो ते तपासायला लावणारा डाव नाही.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा गंभीर आहे. हेराने गोसाव्याचा वेष घेतला की खरा गोसावी संशयित होतो. हेर घरी परततो, संशय मागे राहतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, पोटासाठी फिरणारे. म्हणून खेळात भगव्या वेषाची किंमत लावलीच पाहिजे. पात्राने सोंग घेतले की त्या गावात पुढच्या खऱ्या भिक्षेकऱ्याचे काय होते, तो प्रसंगही त्याच खेळाडूकडून खेळून घ्यावा. हा भाग टाळला तर उरतो तो इंग्रजी कादंबरीतला पोरखेळ.

डाव मांडायचाच असेल तर जानेवारी १८२३, हिंगणघाट, हा मुहूर्त धरा. लॅम्टन नुकताच गेला आहे, त्याचे कागद आणि पेट्या तंबूत आहेत. नागपूरच्या गादीवर अल्पवयीन रघूजी आहे, कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हातात. अप्पासाहेब अजून जिवंत आणि बेपत्ता. नदीपलीकडे निजामाची हद्द. खेळाडूंपैकी एक सर्व्हेचा खलाशी, एक भोसल्यांचा जासूद, एक खरा गोसावी आणि एक खोटा. कोण कोणता, हे गेम मास्टरने पहिल्या सत्रात सांगू नये.